दोन मिनिटांचा घोळ सापडला! (ॲफिलिएट प्रोग्रॅमची तयारी, अपडेट ६)

मंडळी, सापडलं एकदाचं. मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं ना, की कमिशन कधी नोंदवलं जाते कधी नाही आणि काहून ते कळूनच नाही राहिलं, तर ते काल रात्री पावणेबाराला सापडलं. सकाळी चहा व्हायच्या आधी हे लिहायला बसलो, कारण तुमच्यापैकी ज्यांच्या दुकानात ऑनलाईन पेमेंट आहे आणि त्यावर ॲफिलिएट (लिंक देऊन विक्री आणणाऱ्याला कमिशन) लावायचा विचार आहे त्यांच्यातल्या कोणाचे तरी एकोणीस दिवस वाचतील. माझे गेले.

नवीन लोकांसाठी एवढंच, की साईट आमच्या घरच्या मसाल्यांची आहे, सावजी आणि येसर. आई आणि काकू भाजतात, दळण नागपूरच्या इतवारीतून होते, आणि वेबसाईटचं सगळं मी ऑफिस सुटल्यावर करतो. वर्डप्रेस, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स, साधं होस्टिंग. ग्राहक जास्त करून नागपूर सोडून गेलेले, पुणे, बंगलोर, हैदराबाद, आणि ते एकमेकांना सांगतात म्हणूनच येतात. म्हणून तर ॲफिलिएट. जो सांगतो त्याला त्याचं काहीतरी मिळालं पाहिजे असं मला पहिल्या दिवसापासून वाटते.

तर घोळ असा होता. मी स्वतः माझ्या टेस्ट लिंकवरून ऑर्डर टाकली की कमिशन बरोबर पडे. दहा वेळा टाकली, दहाही वेळा पडलं. मग पुण्याच्या आतेबहिणीला लिंक दिली, तिनं दोन पाकिटं मागवली, पैसे आले, ऑर्डर आली, कमिशन नाही. भाच्यानं आयफोनवरून केली, कमिशन पडलं. वहिनीनं अँड्रॉइडवरून केली, नाही पडलं. मग मला वाटलं अँड्रॉइडचाच प्रॉब्लेम असणार, म्हणून मी माझ्या अँड्रॉइडवरून केली तर पडलं! इथं माझं डोकं पार फिरलं. प्लगइन बदललं, थीम बदलली, सगळे बाकीचे प्लगइन बंद करून पाहिले, कॅश (साईटच्या पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) तर इतक्या वेळा साफ केली की मोजणं सोडून दिलं. प्लगइनवाल्याच्या सपोर्टला लिहिलं तर चार दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या ग्राहकानं कुकी (माणूस कोणाच्या लिंकवरून आला ते ब्राउझरमध्ये लिहून ठेवलेली चिठ्ठी) ब्लॉक केली असेल. वहिनी कुकी ब्लॉक करणार? तिच्या फोनमध्ये मी स्वतः पाहिलं, ऑर्डर झाल्यावर थँक्यू पेजवर कुकी समोर दिसून राहिली होती, नाव बरोबर, कोड बरोबर. कुकी आहे आणि कमिशन नाही.

शेवटी एक वही घेतली आणि जुन्या पद्धतीनं लिहायला लागलो. लिंक कधी दाबली, पेमेंट कधी झालं, कमिशन पडलं का. सर्व्हरच्या लॉगमधूनही जुन्या ऑर्डरींच्या वेळा काढल्या. आणि काल रात्री ते पान नुसतं पाहत बसलो होतो तेव्हा दिसलं. एक मिनिट दहा सेकंद, पडलं. एक पस्तीस, पडलं. तीन चाळीस, नाही. सहा मिनिटं, नाही. अकरा मिनिटं, नाही. मला सगळं पाठ आहे, मी खाटखूट बटणं दाबून दीड मिनिटात ऑर्डर टाकतो, आणि खरा माणूस आधी फोटो पाहतो, मग तिखट किती आहे ते वाचतो, मग नवऱ्याला विचारतो. दोन मिनिटांच्या आत असलेल्या सगळ्या पडल्या होत्या, बाहेरच्या सगळ्या गेल्या होत्या. फक्त भाच्याचा आयफोन सोडून.

कारण हे आहे. क्रोमनं २०२० मध्ये आवृत्ती ८० पासून नियम केला की ज्या कुकीवर सेमसाईट (दुसऱ्या साईटवरून येताना कुकी पाठवायची का, ते सांगणारी खूण) काही लिहिलेलं नाही तिला लॅक्स समजायचं. लॅक्स म्हणजे दुसऱ्या साईटवरून कोणी साधी लिंक दाबून आलं तर कुकी पाठवायची, पण दुसऱ्या साईटवरून पोस्ट रिक्वेस्ट (फॉर्म भरून पाठवतात तशी) आली तर नाही पाठवायची. आता आपल्याकडचे बरेच पेमेंट गेटवे (ऑनलाईन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या) काय करतात, पैसे घेतले की ग्राहकाला आपल्या साईटवर परत पाठवतात ते पोस्ट करून. त्या पोस्टसोबत माझी ॲफिलिएट कुकी येतच नाही. आणि माझं प्लगइन कमिशन कधी लिहिते, तर पेमेंट पूर्ण झालं त्या क्षणाला, म्हणजे त्याच पोस्टमध्ये. तिथं कुकी नाही म्हणून कमिशन नाही. त्यानंतर वूकॉमर्स ग्राहकाला थँक्यू पेजवर ढकलते, ती साधी रिक्वेस्ट असते, तिथं कुकी परत दिसते, आणि मी ती पाहून वेडा होत होतो.

आणि दोन मिनिटं? क्रोमनं जुन्या साईटी एकदम मोडू नयेत म्हणून एक सूट ठेवली, की सेमसाईट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर अशा पोस्टसोबत पाठवायची. म्हणजे टेस्ट करणाऱ्याला सगळं बरोबर दिसते आणि ग्राहकाला नाही! आयफोनचा ब्राउझर सफारी हा नियम तसा लावत नाही म्हणून आयफोनवाला सुटला. तुम्हाला तुमच्याकडे तपासायचं असेल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅबला त्या पोस्टवर जा, कुकीजमध्ये गाळलेल्या कुकी दाखवायचा एक चेकबॉक्स आहे तो लावा, पिवळ्या पट्टीत कुकी दिसते आणि काहून गाळली तेही लिहिलेलं असते. हा चेकबॉक्स मला पहिल्या दिवशी माहीत असता तर!

इलाज दोन आहेत. सोपा म्हणजे कुकीवर सेमसाईट नन आणि सिक्युअर लिहून टाका. मी आधी तेच केलं आणि काम झालं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की हे अर्धंच आहे. यूपीआयवर पैसे दिले आणि माणूस परत ब्राउझरमध्ये आलाच नाही, फोन ठेवून दिला, तर? तेव्हा गेटवे माझ्या सर्व्हरला वेबहूक मारतो, सर्व्हर टू सर्व्हर, तिथं ब्राउझरच नाही तर कुकी कुठून येणार. म्हणून खरा इलाज असा की गेटवेवर जायच्या आधी, ऑर्डर तयार होते त्याच क्षणी ॲफिलिएटचा कोड ऑर्डरच्या मेटामध्ये (ऑर्डरसोबत साठवलेल्या माहितीत) लिहून टाकायचा, आणि पेमेंट पूर्ण झाल्यावर कुकी न पाहता ऑर्डरमधूनच वाचायचा. मग परत पोस्टनं येवो, वेबहूकनं येवो की येवोच नको.

परत उठलो. ऑर्डर प्रोसेस्ड वालं हूक (अमुक घडलं की आपला कोड चालवायची जागा) असते त्यावर पंधरा ओळींचा कोड टाकला, टेस्ट केली, मेटा रिकामा. अर्धा तास गेला त्यात. माझं चेकआऊट ब्लॉकवालं, म्हणजे वूकॉमर्सचं नव्या पद्धतीचं आहे, आणि ब्लॉक चेकआऊटवर ते जुनं हूक चालतच नाही, त्याचं स्टोअर एपीआयवालं वेगळं हूक आहे. वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांना ब्लॉक चेकआऊटच मिळते, तेव्हा तुमचं दुकान त्यानंतरचं असेल तर हे लक्षात ठेवा. ते बदललं, लिंक दाबली, मुद्दाम वीस मिनिटं थांबलो, फ्रिजमधलं थंड पाणी प्यायलो, गॅलरीत उभा राहिलो, मग ऑर्डर टाकली. पडलं. पेमेंट करून ब्राउझर बंद केला, परत गेलोच नाही. तरी पडलं! बायको झोपली होती, तिला उठवून सांगितलं. आज आमच्याकडे मारबत (रोगराई, पीडा घेऊन जा म्हणत निघणारी पुतळ्यांची मिरवणूक) आहे, महालातून ढोल ऐकू येऊन राहिले, आणि मी मनापासून म्हटलं, हे घेऊन जा गे मारबत.

एक पोटप्रश्न राहिला होता तोही सुटला. आधी कुकी जावास्क्रिप्ट टाकायची, आणि सफारी अशी कुकी सात दिवसांत पुसते. मी ॲफिलिएटला तीस दिवस कबूल करणार (ॲमेझॉन चोवीस तासच देते, पण तिथं माणूस रोज काही ना काही घेतो, मसाला महिन्यातून एकदा संपतो), तर सातव्या दिवशी कुकी मेली तर ती फसवणूकच झाली ना. म्हणून कुकी सर्व्हरकडून टाकायची. पण पेज कॅशमधून गेलं तर सर्व्हरवरचा कोड, पीएचपी, चालतच नाही, मग कुकी टाकणार कोण? आता प्रत्येकाला छोटी वेगळी लिंक दिली, तो पत्ता कॅशमधून वगळला, तिथं कुकी पडते आणि माणूस पुढे मसाल्याच्या पानावर जातो. लिंकही छोटी झाली, व्हॉट्सॲपवर बरी दिसते.

कमिशनचं गणित बऱ्याच जणांनी विचारलं होतं. ५२० रुपयांची ऑर्डर, दोन पाकिटं. त्यातले २५ जीएसटीचे, माल आणि दळण २३६, पॅकिंग ४०, कुरिअर ७०, गेटवे १२. उरले १३७. दहा टक्के कमिशन जीएसटी काढून ४९५ वर, म्हणजे ५०, आम्हाला राहतात ८७. पंधरा टक्के द्यायची माझी इच्छा होती पण मग ६३ राहतात, आणि उन्हाळ्यात मिरची महागली की त्यातलेही जातात. दहाच देणार. डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांनी पक्कं होईल, कॅश ऑन डिलिव्हरीवर नाही, कारण आरटीओ (न घेता परत पाठवलेलं पाकीट) आला की जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्याच बोकांडी. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलं तर नाही. टीडीएसचं सीएला विचारलं, तो लागतो कमिशनला, दर २ टक्के आणि वर्षाला २०,००० च्या वर, पण ज्याचा धंदा एक कोटीच्या आत आहे अशा घरगुती माणसाला कापायची गरज नाही. तरी पॅन घेऊन ठेवणार.

इथपर्यंत लिहिलं आणि आतेबहिणीचा फोन आला. तिला सांगितलं की सापडलं बाई, तर ती म्हणते, दादा मी तर लिंक कोणाला पाठवतच नाही, पाकिटाचा फोटो पाठवते आणि सांगते नागपूरचा आहे, मागव. बरोबर आहे तिचं. आणि इन्स्टाग्रामवर लिंक दाबली तर ती इन्स्टाच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथली कुकी तिथंच राहते, माणूस संध्याकाळी क्रोममध्ये येऊन घेतो तेव्हा मला काहीच कळत नाही. म्हणजे मी एकोणीस दिवस ज्या कुकीसाठी भांडलो ती या लोकांच्या कामाचीच नाही!

तर प्लॅन बदलला, आत्ताच. लिंक राहील, पण प्रत्येकाला एक बोलता येईल असा कूपन कोडही देणार, फोटोखाली लिहिता येईल असा. घेणाऱ्याला ५ टक्के सूट, सांगणाऱ्याला १०. गणित परत केलं, आम्हाला ८७ ऐवजी साधारण ६५ राहतात. चालेल, कारण सूट असली की माणूस कोड आठवणीनं टाकतो. कोड आणि लिंक दोन वेगवेगळ्या लोकांची आली तर कोडवाल्याला, कारण तो हातानं टाकला आहे. कोड कूपनच्या साईटींवर पसरू नये म्हणून एका फोन नंबरला एकदाच. आणि कोडसुद्धा त्याच ऑर्डर मेटामध्ये जाणार, म्हणजे रात्रीचा कोड वाया नाही गेला.

दसऱ्याला सगळ्यांसाठी उघडायचं होतं ते आता नाही करत. आधी फक्त बारा जण, सगळे ओळखीचे, महिनाभर. त्यांना एक पान लिहून देणार, त्यात पहिलीच अट की सांगताना यात मला कमिशन मिळते हे सांगायचं. ॲस्कीची (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची आहेत आणि ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी २०२३ ची, दोन्हींत ते आहेच, आणि खात्याच्या तत्त्वांनुसार मराठीत सांगत असाल तर मराठीतच, इंग्रजी हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. आपल्या माणसांना आपण आपल्या माणसांकडून मसाला विकून राहिलो, तिथं एवढं तर स्वच्छ पाहिजेच.

आज दुपारी मिरवणूक पाहून आलो की कूपनचं करायला बसतो. बारापैकी नऊ नावं ठरली, तीन राहिली, त्यातलं एक हैदराबादचं पाहिजे कारण तिकडून ऑर्डरी येतात पण सांगतो कोण ते मला अजून माहीत नाही. ब्लॉक चेकआऊटवर कूपनची फोन नंबरवाली अट कोणी लावली असेल तर सांगा भाऊ, ईमेलवाली अट आयती मिळते पण आमचे अर्धे ग्राहक ईमेल काहीही टाकतात.