तुम्ही विचारलंत म्हणून: "सिस्टर, प्रत्येकाला उपासाचं का विचारता?"

नातेवाईक विचारतात, नव्या सिस्टर विचारतात, एकदा तर राऊंडला डॉक्टरांनीच विचारलं, "हे हॉस्पिटल आहे की मठ?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता सांगते.

मी धर्म काढत नाही. मी इन्शुलिन देते. आत गेलेलं इन्शुलिन एकादशी बघत नाही.

अकरा वर्षं झाली असतील. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या. पायाच्या जखमेमुळे एका आजींची वारी चुकली होती. ॲडमिट झाल्या त्या दिवशीच त्यांनी विचारलं, "बाई, एकादशी करू द्याल ना?" हातात तीन फायली, बाहेर स्ट्रेचर. मी म्हटलं, "इथं उपासबिपास काही नाही हं आजी." प्रेमानंच म्हटलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

आषाढीच्या सकाळी त्यांची शुगर १६८. नेहमीचा डोस दिला. पोह्यांची बशी आली. अर्ध्या तासानं जाताजाता विचारलं, "नाश्ता झाला ना आजी?" "झाला, बाळा." बशी रिकामी होती. चार्टवर लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. पोहे सुनेनं खाल्ले होते. सासूनंच तिला गळ घातली होती, सिस्टर ओरडतील म्हणून.

साडेअकराला मावशी धावत आल्या. आजींचं कपाळ घामानं थबथबलेलं, हात गार, हाक मारली तर नुसत्या बघत होत्या. शुगर ४२. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो. सलाइनच्या सुईतून पंचवीस टक्के ग्लुकोज सोडलं. बाटली धरलेला माझा हात थरथरत होता, तो सुनेनं पाहिला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चूक कुणाची? तेव्हा मी म्हणाले, पेशंट खोटं बोलला. आज म्हणते, मी विचारलंच कुठं होतं? "झाला ना?" मधल्या त्या "ना"नं उत्तर आधीच सांगून टाकलं होतं. आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर होती. तिचं मराठी मोडकं, ती सरळ विचारायची, "काय खाल्ला?" तिला पेशंट भाकरीपासून चटणीपर्यंत सगळं सांगायचे.

म्हणून मी विचारते. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचं जैन व्रत, पाळणाऱ्या एका काकूंचं संध्याकाळचं जेवण आणि इन्शुलिन सूर्यास्ताआधी घ्यायला मी डॉक्टरांशी वाद घातला होता. आणि उपास म्हणजे शुगर कमीच होणार असंही नाही. साबुदाण्याच्या खिचडीनं ती चढते, तीही घरून डब्यात गुपचूप येते.

पण सगळं जमलंय असंही नाही. एका बाईंनी मला ऐकवलं, "शेजारणीला एकादशी विचारलीत, मला रोजा. आडनावं वाचून ना?" दोघींनाही काही नव्हतं. मी चिडले होते, पण त्यांचं बरोबर होतं. आता सगळ्यांना एकच विचारते, "आज काय खायचं नाही?" तरी डोळे आधी फायलीवरच्या नावाकडे जातातच.

आजी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी आधी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. "हे उपासाला चालतं का?"

"चालतं, आजी. साखरेचं पाणी आहे."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. हे ग्लुकोज बहुतेक मक्यापासून काढतात, आणि मका त्यांना उपासाला चालला नसता, हे मला पुढे कळलं. ठाऊक असतं तरी "चालतं"च म्हणाले असते. आणि हीच मी, खोटं बोलल्या म्हणून आजींवर रागावले होते.