आमची वाटचाल: प्रोजेक्टर उत्तर देतो, समोरची पार्टी देत नाही

२००६ साली पुण्यात आम्ही दोघा पार्टनरनी हे काम सुरू केलं तेव्हा ‘रूम ऑटोमेशन’ म्हटलं की समोरचा एसीचा रिमोट उचलून दाखवायचा. कुठल्याही कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये जा, टेबलावर रिमोटचा ढीग, आणि साहेब आत आले की प्यून बिचारा दोन हातांत दोन रिमोट धरून छताकडे तोंड करून उभा. आमचं काम एवढंच की टच पॅनेलवर ‘प्रेझेंटेशन’ दाबलं की स्क्रीन खाली, पडदे बंद, पुढचे लाइट डिम, प्रोजेक्टर चालू आणि इनपुट लॅपटॉपवर. सांगायला एक वाक्य, पण साइटवर घाम निघतो.

भांडवल म्हणजे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, तपकीर गल्लीतून आणलेले नाइन पिन कनेक्टर आणि सिरियल पोर्टवाला (मशीनशी तारेवरून बोलायची जुनी खाच) एक जाडजूड लॅपटॉप. तो लॅपटॉप अजून ऑफिसात आहे, बॅटरी कधीच मेली पण चार्जर लावला की चालतो आणि मी तो भंगारात जाऊ देत नाही. नवीन पोरं यूएसबीवरून सिरियल काढतात, काढा, पण केबल एफटीडीआय कंपनीच्या चिपचीच घ्या, स्वस्तातली ऐन हँडओव्हरच्या दिवशी दगा देते. आणि प्रोजेक्टर बोलत नसेल तर प्रोग्रामला शिव्या घालण्याआधी दोन आणि तीन नंबरच्या पिनच्या वायरींची अदलाबदल करून बघा. तरीही गप्प असेल तर बॉड रेट (बोलण्याचा वेग), आणि मग कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (कमांड संपल्याची खूण) जातोय का ते. निम्मे कॉल तिथेच मिटतात.

आमचा पहिल्यापासून एकच हट्ट होता, जे मशीन उत्तर देऊ शकतं त्याच्याशी दोन्हीकडून बोलायचं. आयआरचा एमिटर (रिमोटसारखा न दिसणारा किरण सोडणारा छोटा दिवा) प्रोजेक्टरच्या डोळ्यावर चिकटवला की काम होतं, खर्चही वाचतो, पण ती एकतर्फी हाक आहे, पलीकडच्याने ऐकली की नाही ते कळतच नाही. त्यात पॉवरचं बटण चालू-बंद दोन्हीला एकच असेल तर झालंच, कोणीतरी हातातल्या रिमोटने प्रोजेक्टर बंद केला की पॅनेल आणि प्रोजेक्टर उलटेसुलटे, पॅनेलवर ‘ऑफ’ दाबलं की वर दिवा पेटतो. सिरियलवर किंवा नेटवर्कवर पीजेलिंकने (प्रोजेक्टरशी बोलायची ठरलेली भाषा) विचारलं की तो सरळ सांगतो, ० म्हणजे स्टँडबाय, १ चालू, २ कूलिंग, ३ वॉर्मअप. हे २ फार महत्त्वाचं. लॅम्प गरम असताना पंख्याचीच सप्लाय तोडली तर लॅम्पचं आयुष्य घटतं, म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये २ संपल्याशिवाय पॉवर रिले (प्रोग्रामने चालणारा स्विच) सुटतच नाही. लोक म्हणायचे तुमची सिस्टिम स्लो आहे. स्लो नाही हो, ती विचारून करते.

आता ज्याच्यामुळे दुकान बंद व्हायची वेळ आली त्याच्याबद्दल. नाव घेणार नाही, या लाइनमधल्यांना कळेलच. आमच्याकडेच शिकला, कनेक्टरची पिन कुठून मोजतात इथपासून. पुढे स्वतःचं सुरू केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, सगळेच करतात. पण २०११ मध्ये हिंजवडीच्या एका मोठ्या जॉबवर आम्ही इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली होतो, प्रोसेसर (सगळं चालवणारा कंट्रोलर), टच पॅनेल, स्विचर सगळं आमच्या पैशाने उचललेलं, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट शेवटच्या रुपयापर्यंत खेचलेली, केबलिंग झालेलं, फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या बेतात, आणि हा पठ्ठ्या कॉन्ट्रॅक्टरकडे जाऊन म्हणाला की प्रोग्रामिंग मी निम्म्यात करतो. कॉन्ट्रॅक्टरने आमचं कमिशनिंग (प्रोग्राम करून सिस्टिम चालू करून द्यायचं काम) पीओमधून, म्हणजे पर्चेस ऑर्डरमधून, काढून टाकलं. आणि मालाचं पेमेंट? तर म्हणे सिस्टिम चालल्याशिवाय बिल पास होत नाही. म्हणजे चालवणार तो, अडकणार आम्ही. व्हॅट तर बिल फाडलं की भरावाच लागायचा. छोट्या उद्योगांचे ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, माहीत होता, पण ज्याच्याकडून पुढची कामं यायची त्याच्यावर केस कोण टाकणार?

बँकेचा फोन आला की मी गाडी बाजूला घेऊन बोलायचो. पार्टनर त्याच काळात बाहेर पडला, त्याचे घरचे प्रश्न होते, आजही भेटलो की चहा होतो.

त्या वेळी आमच्या मागे उभे राहिले ते भोसरीचे काका. प्रेस पार्ट्सचा कारखाना, त्यांचा ट्रेनिंग हॉल आमच्या अगदी पहिल्या कामांपैकी. काका फार कटकटे. हँडओव्हरला खुर्चीत बसून पॅनेलवर बटण दाबायचे आणि वर बघायचेच नाहीत. “इथं हिरवं दिसलं ना, मग वर चालू आहे का ते मी मान मोडून बघायचं नाही.” त्यांना कुठून कळलं माहीत नाही, बोलावून घेतलं आणि म्हणाले, “दुसऱ्या शेडमध्ये पण एक हॉल करायचाय. आज अ‍ॅडव्हान्स घेऊन जा, काम दिवाळीनंतर कर.” त्या शेडला तेव्हा पत्रेसुद्धा पडले नव्हते. त्या चेकवर पगार झाले.

आणि हिंजवडी? तिथे त्याने सगळं आयआरवर चालवलं. स्क्रीन खाली, प्रोजेक्टर बंद, स्क्रीन वर, प्रोजेक्टर चालू, असा खेळ. त्यात स्क्रीनच्या मोटरचे अप आणि डाउन दोन्ही रिले एकदम बसतील असा प्रोग्राम. अरे बाबांनो, ट्यूब्युलर (नळीच्या आकाराच्या) मोटरला दोन्ही दिशांनी एकदम सप्लाय देत नाहीत, रिलेला इंटरलॉक टाका (एक चालू असताना दुसरा बसूच नये) आणि मध्ये थोडा गॅप सोडा, हे मी त्यालाच शिकवलं होतं! शेवटी कंपनीच्या अ‍ॅडमिनने थेट मला बोलावलं. मी सोर्स फाइल (प्रोग्रामची मूळ, बदल करता येणारी प्रत) मागितली, कुणाकडेच नाही, प्रोसेसरमध्ये फक्त कंपाइल केलेला प्रोग्राम. सगळं कोऱ्या पाटीवरून लिहिलं आणि पूर्ण पैसे लावले, एक रुपया डिस्काउंट नाही. तेव्हापासून आम्ही सोर्स कोड पेनड्राइव्हवर घालून सही घेऊन पार्टीला देतो. तुम्ही पार्टी असाल तर पीओमध्येच लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० मध्ये सगळ्या रूमला कुलूप, नंतर सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉलच्या रूम हव्या झाल्या. आता पोरं म्हणतात एचडीएमआय-सीईसीवर (एचडीएमआय केबलमधूनच दुसरं मशीन चालू-बंद करायची सोय) सगळं होतं, कंट्रोलर कशाला. होतं, घरात एक टीव्ही असेल तर. हॉलमध्ये स्क्रीनची मोटर, पडदे, लाइट यांना कुठली एचडीएमआय लावणार?

कॉन्ट्रॅक्टरने मालाचे पैसे तुकड्यातुकड्यांत दिले, रिटेन्शन (हमी म्हणून मागे ठेवलेली रक्कम) मात्र दिलंच नाही. टॅलीत ती रक्कम अजून येणी म्हणून दिसते. सीए दर मार्चला म्हणतो, साहेब राइट ऑफ करून टाका. मी करत नाही.