पित्ताशयाचं ऑपरेशन: सूचना ऐकायला घरच्यांना सोबत न्या

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि लातूरला दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. ज्यांचं असं ऑपरेशन ठरलंय त्यांना माझं कळकळीचं एकच सांगणं: डॉक्टर सूचना देतील तेव्हा घरातल्यांना शेजारी बसवा. पथ्य आपल्याला पाळायचं असतं, पण ते पाळू देणं घरच्यांच्या हातात असतं.

भूल देणाऱ्या मॅडमनी आधी तपासणीला बोलावलं, तेव्हा मी सासूबाई आणि जाऊबाई दोघींना आत नेलं. बीपीची गोळी कोणती, कशाची ॲलर्जी आहे का, दात हलतो का, सगळं विचारलं. गुडघ्यांसाठी मी गावाकडचं एक चूर्ण घेत होते, ते त्यांनी बंद करायला लावलं. बीपीची गोळी मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आपल्या मनाने बंदही करू नका.

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. "घोटभर चहा तर चालंल की?" सासूबाईंनी विचारलंच.

"नाही आजी, दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरा. भुलीत माणसाला ठसका लागत नाही. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुफ्फुसात जातं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे चहाचा थर्मास घेऊन आले, तर सासूबाईंनीच त्यांना दारात अडवलं. मंगळसूत्रही त्यांनीच काढून घेतलं आणि पदराला गाठ मारून ठेवलं. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, म्हणून अंगावर धातू नको, हे सिस्टरनी त्यांच्यासमोर सांगितलं होतं.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती-पोटातला पडदा चुरचुरतो आणि ती कळ खांद्यात जाते. हे सर्जननी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर घरच्यांनी हार्टचंच दुखणं समजून धावाधाव केली असती. संध्याकाळी सिस्टरनी धरून चालवलं. बघायला आलेली मंडळी "पडून ऱ्हा बाई" म्हणत होती, पण पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो.

खरी परीक्षा घरी आल्यावर. आमचं गाव औसा तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर आला की घरातल्या प्रत्येकाने घागर घेऊन पळायचं. पंधरा लिटरची घागर म्हणजे भांडं सोडून पंधरा किलो, आणि मला चार ते सहा आठवडे वजन उचलायची बंदी. बेंबीजवळच्या टाक्यातून हर्निया होऊ शकतो, हे जाऊबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी मला टँकरकडे फिरकूही दिलं नाही. मी नुसती सांगितली असती तर ही गोष्ट इतकी पटली नसती, असं मला मनापासून वाटतं.

जेवणात सुरुवातीला वरण-भात, मग ज्वारीची भाकरी. तर्री आणि तळण बंद. पित्त यकृतात तयार होतच राहतं, पण साठवायची पिशवी नसल्यामुळे सुरुवातीला तेलकट सोसत नाही.

ताप, वाढती पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, डोळे पिवळे होणं, जखमेतून पू, पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं असेल तर त्याचा रिपोर्ट आठवणीने घ्या. खडे डबीत मिळाले म्हणून काम संपत नाही. तो कागद डॉक्टरांना दाखवून फाइलला लावा.