सॉव्हिन्यों ब्लांकचा आमचा पहिला हंगाम

दिंडोरीकडे आमच्या थॉमसनच्या, म्हणजे खायच्या द्राक्षाच्या बागेला लागूनच पांढऱ्या वाईनसाठी सॉव्हिन्यों ब्लांक ही द्राक्षाची जात लावली. सगळ्यात जड गेलं ते गोडीचा हव्यास सोडणं. खायच्या द्राक्षाचे घड आपण जीएत (मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्लात) बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. इथे मणी लहानच हवा, म्हणून जीए बंद आणि एकरी मालही मुद्दाम कमी धरायचा. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी), एवढं मात्र ओळखीचं होतं. या जातीचा घड गच्च असतो, आत ओल राहिली की कूज धरते. म्हणून घडांजवळची पानं काढून वारा खेळता केला. पश्चिमेची पानं तेवढी राखली, दुपारचं ऊन थेट मण्यांवर नको म्हणून.

जानेवारी संपत आला तसं रोज सकाळी ओळीओळीतले मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या यंत्रावर साखर बघायची आणि पीएच मोजायचा. पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी. 21-22 ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण तितके टक्के साखरेच्या रसातून साधारण 12 टक्के अल्कोहोल मिळतं, ते पुरेसं आहे. खरी काळजी आम्लाची. थंडी आहे तोवर मण्यात आंबटपणा टिकतो. दुपारी तापायला लागल्या की मॅलिक आम्ल (द्राक्षातलं एक मुख्य आम्ल) मण्यातच खर्ची पडतं आणि पीएच 3.4च्या वर सरकतो. तोडायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, अजून आठ दिवस ऱ्हाऊ द्या की, गोडी भरंल." त्यांचं खाण्याच्या द्राक्षाला अगदी बरोबर होतं. आम्ही मात्र त्याच पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडणी केली, ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचवले.

पुढचे काही आठवडे मी तिथेच मदतीला राहिलो. देठ वेगळे करून मणी प्रेसमध्ये जातात. आत हवेची पिशवी हळूहळू फुगते आणि रस निथळतो. जोरात दाबलं तर सालीचा नि बियांचा कडवटपणा उतरतो, म्हणून शेवटचा दाबाचा रस वेगळा काढला. गढूळ, हिरवट रस रात्रभर 8-10 अंशांवर ठेवला. सकाळी तळाशी गाळ बसला होता, वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेऊन यीस्ट घातलं.

टाकी 14 अंशांच्या आसपास ठेवायची. तापमान चढलं की वास उडून जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण उचललं तर पेरूचा आणि चुरडलेल्या हिरव्या पानांचा वास अंगावर आला. बागेत मणी चावताना तोच वास पुसटसा लागायचा. साखर किती उरली ते कळावं म्हणून सकाळ-संध्याकाळ रसाची घनता मोजत होतो. शेवटची साखर खाताना यीस्ट मंदावतं. तेव्हा वाईनमेकरताईंनी टाकी दोन-तीन अंशांनी उबदार केली आणि साखर लिटरला 2 ग्रॅमच्या खाली आणली. ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाईन इथे ठरते. साखर मागे राहिली असती तर आम्लाचा तजेला तिच्याखाली दबला असता.

मग वाईन टिकावी म्हणून सल्फाइट, ती नितळ व्हावी म्हणून बेंटोनाइट माती, आणि क्षार आधीच खाली बसावेत म्हणून शून्य अंशांजवळ गारठवणं. टाकी रिकामी झाल्यावर भिंतीवर टार्टारिक क्षारांचे चमकदार खडे जमले होते, ते खरवडून काढले. ते बाटलीत गेले असते तर गिऱ्हाइकाला काचेचा चुरा वाटला असता.

उताराकडच्या ओळी पिकायला पुढे असतात, हे रोजच्या नोंदींतून दिसलंय. यंदा त्या आधी तोडून वेगळ्या टाकीत घालायचं ठरलंय.