ए-ई-आय-एन-ओ-आर-टी: ‘शन’चा मोह सोडवताना

मंडळी, या खेपेला एकाच रॅकच्या, म्हणजे हातातल्या सात टाइल्सच्या, मागे लागले आहे. स्क्रॅबलच्या थैलीतल्या १०० टाइल्सपैकी दोन कोऱ्या सोडल्या, तर सहा किंवा त्याहून जास्त वेळा असणारी अक्षरं सातच निघतात. ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, आणि एन, आर, टी सहा-सहा. बेरीज ५६. अर्ध्याहून जास्त थैली या सात जणांच्याच ताब्यात! सगळी एकेका गुणाची, म्हणजे किरकोळीत खेळून हाती काही लागत नाही. साती एकदम लावल्या आणि त्याबद्दलचे वरचे ५० बोनस गुण मिळाले, तरच मजा.

गंमत अशी, की या सातांचा रोजच्या वापरातला एकही सात अक्षरी शब्द होत नाही. स्पर्धांमध्ये चालणाऱ्या कॉलिन्सच्या शब्दयादीत ‘ओटरीन’ आहे, ओ-टी-ए-आर-आय-एन-ई, कान असलेल्या सीलच्या कुळाबद्दलचं विशेषण. तो लगेच पाठ करून टाका. पण तो लावायला जागा मिळेलच असं नाही. खरा माल बोर्डावर आधीच असलेलं एक अक्षर आठवं म्हणून धरून निघतो, आणि तिथेच आपल्या सवयी आड येतात.

टी-आय-ओ-एन हाती आलं की आपण काय करतो? चौघांना उजवीकडे सरकवून ठेवतो. शाळेपासून ‘शन’ने संपणारे इतके शब्द घोकलेत, की हात आपोआप जातो. मग डावीकडे ए, ई, आर उरतात आणि शोध तेवढ्यातच फिरतो. बोर्डावर सी असला तर ‘क्रिएशन’ आणि ‘रिॲक्शन’, एल असला तर ‘रिलेशन’, ए असला तर ‘एअरेशन’. चारही उत्तम, आणि लवकर सुचतात. पण त्याच एलवर ‘ओरिएंटल’ही बसतो. तो सुचायला ती चौकडी आधी मोडावी लागते.

मोडल्यावर काय काय बाहेर पडतं बघा. बी मिळाला तर ‘बॅरिटोन’ आणि ‘ऑब्टेनर’. डी मिळाला तर ‘ऑर्डिनेट’ आणि ‘रॅशन्ड’. एचवर ‘अँटिहीरो’, एसवर ‘सेन्योरिटा’ आणि ‘नोटरीज’. पीवर ‘ॲट्रोपिन’. यातल्या एकाच्याही शेवटी टी-आय-ओ-एन नाही. ‘रॅशन’ डोक्यात आला तरी पुढे ई-डी जोडायचं सुचायला हवं!

आता जागेचं गणित. एकाच अक्षरावर दोन शब्द माहीत असणं ही चैन नाही. बोर्ड १५ घरांचा. समजा सी डाव्या कडेच्या पहिल्याच घरात आहे. ‘क्रिएशन’ला पुढची सात घरं मोकळी असली की काम झालं, पण ‘रिॲक्शन’ला सीच्या आधी तीन घरं लागतात, ती तिथे नाहीतच. सी उजव्या कडेपासून पाचव्या घरात असेल तर उलटं: पुढे चारच घरं उरतात, म्हणून ‘क्रिएशन’ बाद आणि ‘रिॲक्शन’ फिट. एलचंही तसंच. ‘रिलेशन’मध्ये तो तिसरा, ‘ओरिएंटल’मध्ये अगदी शेवटचा, म्हणजे उजव्या कडेला चिकटलेल्या एलवर ‘ओरिएंटल’च बसणार. म्हणून आता पाठांतराच्या कार्डाच्या मागे नुसता शब्द न लिहिता आठवं अक्षर कितवं येतं तोही आकडा टाकते. ‘ॲट्रोपिन’ पाच, ‘अँटिहीरो’ पाच, ‘ऑब्टेनर’ दोन. ही नोंद कंटाळवाणी आहे, पण घड्याळ चालू असताना घरं मोजत बसावं लागत नाही.

ओ काढला की उरतं ‘रेटिना’. तिथे हाच रोग ‘आयएनजी’च्या रूपात भेटतो. सातवं अक्षर जी आलं की ‘टेअरिंग’ दिसतो आणि आपण खुशीत थांबतो. त्याच अक्षरांत ‘ग्रॅनाइट’ आहे, ‘इनग्रेट’ आहे, ‘टँगिअर’ आहे, आणि पहिल्या दोघांना शेवटी एसही लागतो. एमवरचे ‘मिनरेट’ आणि ‘रेमेंट’ मात्र लगेच बसले, कारण तिथे ‘आयएनजी’चं शेपूट नाही आणि सरळ जुळवाजुळवीच करावी लागते.

अर्थ पाठ करायचे की नाही, हा वाद आपल्यात चालूच असतो. न्यूझीलंडचा स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स याचा दाखला हमखास येतो: २००७ साली मुंबईत झालेल्या जागतिक स्पर्धेत पहिलं विजेतेपद, २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्पर्धा खिशात, आणि २०२४ मध्ये स्पॅनिश. बरोबर आहे, पण तो रिचर्ड्स आहे. माझ्या डोक्यात अर्थाशिवाय शब्द दोन दिवस टिकत नाही. ‘ॲट्रोपिन’ टिकला, कारण डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला त्याचे थेंब घालतात, आणि ‘रेटिना’त ओ-पी मिसळलं की तोच शब्द तयार. ‘रेट्सिना’ ही राळेच्या वासाची ग्रीक वाइन म्हणून लक्षात राहिली. ‘रेटिना’ अधिक एसचे ‘नॅस्टिअर’, ‘रिटेन्स’, ‘स्टिअरिन’ हे भाऊबंदही तिच्याच मागून आले.

तरी एसच्या कार्डांचा गठ्ठा मी मुद्दाम मागे ठेवलाय. सगळेजण आधी तोच घेतात, पण थैलीत एस चारच आहेत. अनेकवचनं फार स्वस्त होऊ नयेत म्हणून हा खेळ शोधणाऱ्या आल्फ्रेड बट्सनेच ते कमी ठेवले. त्यापेक्षा १२ ईंच्या जोरावर येणारा ‘ट्रेनी’ आधी पक्का करा.

‘ओ’चा गठ्ठा न अडखळता म्हणता यायला लागला, की पुढे एस-ए-टी-आय-एन-ई घेणार आहे. डीवर ‘इन्स्टेड’, यूवर ‘आंटीज’, एचवर चक्क ‘शैतान’, एस-एच-ई-आय-टी-ए-एन. तिथेही जी आला की ‘टीझिंग’, ‘सीटिंग’ आणि ‘ईस्टिंग’ असे तीन आयएनजीवाले रांगेत उभे, आणि त्यांच्यामागे ‘इन्जेस्टा’ लपलेला. कोणी हा गठ्ठा आधीच केला असेल तर एवढंच सांगा: जीचं कार्ड सुरुवातीलाच घेतलंत की शेवटी?