हजेरीपटावर नसलेली माणसं

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला तोपर्यंत सगळ्यांनी विषय वाटून घेतले होते, कोणी गॅदरिंगवर लिहिणार, कोणी पीटीच्या सरांच्या शिट्टीवर, कोणी छडीवर (छडीवर लिहिणारे बरेच आहेत, संपादकांनी जरा कात्री लावावी). माझ्या वाट्याला काही उरलंच नाही म्हणून मी त्या लोकांबद्दल लिहितोय जे शाळेत क्वचितच आले, हजेरीपटावर ज्यांचं नाव कधी नव्हतं, पण आमच्या प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात ज्यांचा हात होता. म्हणजे आमच्या घरची माणसं.

ऑफिसबाहेरच्या भिंतीवर गुणवंतांचा फलक आहे. त्यातली आमच्या आगेमागेची बरीच नावं मला माहितीयेत, त्यांची घरंही माहितीयेत, आणि खरं सांगू का, ती घरं बघितलेली असली की फलक वाचताना फारसं आश्चर्य वाटत नाही. ती मुलं हुशार नव्हती असं अजिबात म्हणायचं नाहीये. पण त्यांच्या घरी अभ्यासाला बसल्यावर मध्येच कोणी कामाला हाक मारत नव्हतं, अडलं तर विचारायला कोणीतरी होतं, आणि दहावीनंतर काय याची चर्चा आठवीतच सुरू झालेली होती. आमच्यातल्या काहींच्या घरी ती चर्चा रिझल्ट लागल्यावर सुरू झाली आणि ती संपेपर्यंत फॉर्मची तारीख निघून गेलेली.

आमच्या वर्गात दोघांना फळ्यावरचं नीट दिसायचं नाही. एकाचे वडील वर्ष सुरू झाल्या झाल्या वर्गशिक्षकांना येऊन भेटले, पोराला पुढच्या बाकावर बसवा म्हणाले, थोड्या दिवसांत त्याला चष्माही लागला, विषय संपला. दुसरा मागेच. तो शेजारच्याच्या वहीत बघून उतरवायचा, उतरवताना आकडे इकडचे तिकडे व्हायचे, मग 'लक्ष नसते' असा शेरा, मग मार, मग गणित म्हटलं की पोटात गोळा. त्याच्या घरच्यांना काळजी नव्हती का? होती की, भरपूर होती. पण शाळेत जाऊन असं काही सांगता येतं, मागता येतं, हेच त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. सर करतील ते बरोबरच करतील, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता आणि तो ते शाळेच्या आदरापोटी पाळायचे. शेवटी केव्हातरी शाळेत डोळे तपासणी झाली तेव्हा त्याचा नंबर कळला, पण तोवर तो वर्गात 'ढ' म्हणून ठरून गेला होता, आणि एकदा बसलेला शिक्का चष्म्याने निघत नाही.

पुढे बी.एड. करताना अ‍ॅनेट लारो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचण्यात आलं आणि तो दुसरा मुलगा पुन्हा डोळ्यासमोर उभा राहिला. या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन, तासन् तास त्यांच्यात बसून त्यांचं रोजचं जगणं पाहिलं होतं. सुस्थितीतल्या घरांत पोरांना डॉक्टरांशी, शिक्षकांशी बोलायला, प्रश्न विचारायला, आपल्याला काय हवंय ते मागायला लहानपणापासून शिकवलं जातं. कष्टकरी घरांत माया तेवढीच असते, मुलं जास्त मोकळी खेळतात, नातेवाइकांत रमतात, पण अधिकाराच्या खुर्चीसमोर गप्प राहायचं हेही तिथेच शिकतात. आणि शाळा नावाचं यंत्र चालतं पहिल्या घरांच्या रीतीने. कुठल्याच सिलॅबसमध्ये हा विषय नाही, तरी त्याचे मार्क मात्र मिळतात.

अभ्यासात मदत करणं हे तर वेगळंच प्रकरण. माझे वडील रोज संध्याकाळी माझं गणित घ्यायचे. त्यांना स्वतःला गणिताची धडकी, ते ती लपवायचे पण मला कळायची, पहिली काही मिनिटं एकदम प्रेमाने जायची, मग आवाज चढायचा, "एवढं साधं कसं येत नाही रे तुला?", मग मला येत असलेलंही यायचं बंद व्हायचं, मग आतून आई म्हणायची "अहो, बास करा आता" आणि आम्ही दोघंही एकदाचे सुटायचो. हेतू शंभर नंबरी! 2015 मध्ये अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नेमकं हेच निघालं, की ज्या आईवडिलांना स्वतःलाच गणिताची भीती आहे ते जर सारखे सारखे गृहपाठाला मदत करत बसले तर त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांची भीती वाढते, पण तसेच घाबरणारे पालक मदतीला फारसे बसत नसतील तर तसं होत नाही. मी हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे तू इंजिनिअर झाला नाहीस ते माझ्यामुळे? बरं झालं, तुझ्या आईला वाटतं टीव्हीमुळे."

आता माझ्या बाकावरच्या मित्राचं घर बघा. त्याची आई शाळेत गेलेलीच नव्हती. पालकसभेला त्याची मोठी ताई यायची, ती स्वतः तेव्हा कॉलेजात जेमतेम गेलेली, प्रगतिपुस्तकावर सहीही तीच करायची आणि आमच्या बाईंनी त्याला कधी हरकत घेतली नाही. आई त्याला रोज विचारायची, आज काय शिकवलं ते मला सांग, आणि तो सांगायचा, आणि ती मध्येच असे काही प्रश्न काढायची की हा दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न बाईंना विचारायचा. बाकीचं सगळं ताईकडे, कुठल्या विषयाला कसला प्रश्न येतो, कुठला फॉर्म कधी भरायचा, कुठल्या सरांच्या समोर शंका काढायची आणि कुठल्या सरांच्या समोर नाही. मदत म्हणतात ती हीच असावी. तो फलकावर आहे. ताई नाही. ती त्याच शाळेत, त्याच घरातून आलेली, डोक्याने त्याच्यापेक्षा काकणभर सरसच, पण तिची वही उघडायची ती रात्री सगळं आवरून झाल्यावर, आणि तिला वाट दाखवायला तिच्या पुढे कोणी ताई नव्हती. घराचा प्रभाव वगैरे आपण म्हणतो तेव्हा एका घरात सगळ्या पोरांना एकच घर मिळतं असं धरून चालतो, ते खरं नाही.

आणि घर चांगलं म्हणजे सगळं चांगलं असंही नाही. आमच्या वर्गात कायम पहिली येणारी जी होती ती एकदा दुसरी आली तर शाळा सुटल्यावर घरी जायला तयार नव्हती. एवढंच लिहितो, ती हे वाचणार आहे.

1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा एक मोठा अहवाल आला, सुमारे 4000 शाळा आणि 6 लाखांच्या वर विद्यार्थी. सगळ्यांना वाटत होतं की इमारती, प्रयोगशाळा, पुस्तकं यांतल्या फरकामुळे मुलांच्या मार्कांत फरक पडतो असं निघेल, निघालं भलतंच, की त्यापेक्षा घरची परिस्थिती जास्त बोलते. झालं, लोकांनी त्याचा अर्थ लावला की शाळेने काही फरकच पडत नाही. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही, ज्या मुलांना घरून कमी मिळतं त्यांच्यावर शाळा चांगली की वाईट याचा परिणाम जास्त होतो. माझ्यासारख्याला शाळा थोडी बरी-वाईट असती तरी चाललं असतं. मागच्या बाकावरच्या त्याला नसतं चाललं.

आपल्या शाळेने काय केलं तर, सगळं नाही पण काही गोष्टी नक्की केल्या. ग्रंथालयाच्या बाई सुट्टीतही कपाट उघडायच्या आणि पुस्तक घरी न्यायला द्यायच्या, फाटलं तरी ओरडायच्या नाहीत. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. 27 देशांतल्या घरांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात पुस्तकांनी भरलेल्या घरातलं मूल अजिबात पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलापेक्षा सरासरी तीनेक वर्षं जास्त शिकतं असं आढळलं, आईवडिलांचं शिक्षण सारखं धरूनसुद्धा, आणि आईवडील कमी शिकलेले असतील तिथे हा फायदा जास्त. पुस्तकं असली की आपोआप अक्कल येते असं नाही, पुस्तकं ठेवणारी घरंच वेगळी असतात हेही आहेच. पण ज्यांच्या घरात एकही नव्हतं त्यांच्या घरात या बाईंनी निदान एकेक तरी पाठवलं.

जे नाही जमलं तेही सांगतो, रौप्यमहोत्सव आहे म्हणून नुसतं गोड गोड लिहायचं का. पालकसभा कायम कामाच्या दिवशी सकाळी. जे येऊ शकायचे नाहीत त्यांच्यापुढे 'पालक उदासीन' अशी नोंद. त्यातल्या कितीतरी जणांचा त्या सकाळी आल्यावर दिवसाचा रोजगार बुडत होता, आणि आल्यावर सगळ्यांसमोर पोराच्या तक्रारी ऐकायला मिळणार, मग कोण येईल? शिवाय जे येतात तेच कळकळीचे असं समजून पुढची सगळी शाळा त्यांच्याच पोरांभोवती फिरायला लागते, हे मी आता शिक्षक झाल्यावर आतून बघतोय आणि आमच्याकडेही तेच चालतं.

तर महोत्सवाच्या निधीतून कमान बांधायची की वर्ग रंगवायचे यावर ग्रुपवर जे चाललंय त्यात माझं मत असं, की संध्याकाळी दोन तास ग्रंथालयाची खोली उघडी ठेवा, दिवे, पंखा आणि कोणीतरी मोठं माणूस, बाकी काही नको, ज्यांच्या घरी बसायला कोपरा नाही ते येतील. आणि पालकसभा एकदा तरी रात्री घेऊन बघा. अभ्यासिकेत आठवड्यातला एक दिवस मी बसेन, गणित सोडून काहीही विचारा. चावी कोणाकडून घ्यायची तेवढं कळवा.