दुहेरी पेडलसाठी बीटर निवडताना

फोंड्यात आमचा बँड मेटल वाजवतो आणि मी ड्रमवर असतो. पायाने वाजवायचा मोठा बास ड्रम मी दुहेरी पेडलने, म्हणजे दोन्ही पायांनी, वाजवतो; पेडल दाबले की दांडीच्या टोकाला बसवलेला बीटर ड्रमवर आदळतो. पेडलसोबत आलेले फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या मऊ कापडाचे) बीटर बदलावेत, असे मला तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकताना प्रकर्षाने जाणवले. १८० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १८० मात्रा असताना, प्रत्येक मात्रेत चार आघात धरले, तर दोन्ही पाय मिळून सेकंदाला १२ आघात होतात. फेल्टचा नाद गोल आणि भरीव असला, तरी त्या वेगात आघात एकमेकांत मिसळतात आणि गिटारखाली दबून जातात.

मडगावच्या एका दुकानात लाकडी आणि प्लास्टिकचे बीटर लावून पाहता आले. प्लास्टिकचा आवाज मला फार कोरडा वाटला. लाकडाचा आघात टोकदार होता आणि त्यामागे ड्रमचा खर्जही शिल्लक राहत होता, म्हणून मी लाकूडच पसंत केले. सपाट तोंडाचा बीटर मात्र हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर, अगदी सरळ टेकावा लागतो, नाहीतर त्याची कड हेडमध्ये रुतते. दांडीची उंची बदलली की हा कोनही बदलतो, त्यामुळे मी गोलसर तोंडाची जोडी घेतली.

खरा वेळ गेला तो वजनात. डावे पेडल जोडदांड्यामार्फत चालते आणि त्याच्या सांध्यांमुळे पायाला किंचित जड लागते. त्यात डावा बीटरही जड निघाला, तर डाव्या पायाचे आघात मागे पडतात. म्हणून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर जोडी तोलून घेतली आणि दोन्ही वजने जुळल्यावरच दांड्या बसवल्या. माझा ड्रम २२ इंची असल्याने बीटर खालच्या कडेपासून ११ इंचांवर, म्हणजे मधोमध, टेकतात. दांडी आखूड केली तर पाय चपळ चालतो, पण जोर कमी होतो, शिवाय खाली उरलेले टोक बुटाला घासते. ही गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी.

लाकूड हेड लवकर झिजवते, त्यामुळे आघाताच्या जागी हेडवर चिकटवायचा संरक्षक पॅच हवाच, आणि दोन बीटर मध्यबिंदूच्या दोन बाजूंना आदळत असल्याने तो दुहेरी असावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत दांडीला आणि स्क्रूला गंज धरतो. तालीम संपली की मी ते कोरड्या फडक्याने पुसतो. फेल्टची जुनी जोडी जपून ठेवली आहे, कारण लग्नसमारंभात संथ गाणी वाजवताना तोच आवाज शोभतो.